वीस पावलं मागे

हिलाल दलालानं आधी प्लॉट दाखवला तो साक्री रोडला, पार पुढे,
जिथे कंपाउंडच्या भिंती आहेत आणि आत नुसतं गवत.
म्हणाला, ताई, सगळं दहा मिनिटांवर.
मी विचारलं, कोणाची दहा मिनिटं?
तो हसला, किल्ली बोटावर फिरवत राहिला.

आमची गाडी संक्रांतीनंतर विकली.
ह्यांच्या डोळ्यांत काचबिंदू. समोरचं दिसतं, कडेचं जातं;
समोरून येणारा ट्रक दिसतो,
बाजूनं आलेली सायकल थेट अंगावरच.
मला चालवता येत नाही. ब्याण्णव साली शिकणार होते,
मग राहिलंच.

भटू म्हणतो, अक्का, तिकडे हवा आहे,
धुळ्याच्या गल्लीत काय आहे?
गटार, गर्दी आणि वरातीचा बँड.
खरं आहे. तिन्ही आहेत.

तरी एप्रिलात, मुद्दाम भर उन्हात,
मी गल्ली नंबर पाच चालून पाहिली.
घर नंतर. (दोन खोल्या, पहिला मजला, जिन्याला दोरी,
मोरीत भिंतीला ओल.)
आधी मोजलं ते हे:
गिरणी चौऱ्याऐंशी पावलं.
दवाखाना दोनशे दहा, मधली एक फरशी हलते,
तिच्यावर पाय पडला की ती "टक" म्हणते.
कोपऱ्यावर पोतं अंथरून कौतिकबाई,
भरताची हिरवी वांगी, काटेरी देठांची,
इतकी जवळ की गॅसवर तवा ठेवून
मिरच्या आणायला जाता येईल.
सावली सकाळी एका हाताला, चारनंतर दुसऱ्या.
मधले चार तास कोणाच्याच बाजूला नाही,
तेव्हा शिंपीसुद्धा मशीनवर डोकं ठेवून झोपतो.

हिलाल वैतागला. म्हणाला, ताई,
लोक स्क्वेअर फूट मोजतात.

मग एका संध्याकाळी ह्यांना घेऊन गेले.
घरमालक किल्ली शोधत होता, तेवढ्यात हे म्हणाले,
मी शेव घेऊन येतो. एकटा.
तीन महिन्यांत "एकटा" हा शब्द
आमच्या घरात कोणी उच्चारला नव्हता.
मी म्हटलं, जा.
आणि चप्पल हातात घेऊन
वीस पावलं मागे निघाले.

पाहत होते. हे भिंतीला हात न लावता चालले.
गिरणीची घरघर आली तशी मान वळली,
पिठाच्या वासाला जरा थांबले,
शिंप्याच्या मशीनची लय ओलांडली.
हलणारी फरशी आली. मी श्वास धरला.
"टक."
ती मागे टाकून हे पुढे, जणू कोणी नाव घेऊन
हाक मारली होती आणि ह्यांनी ओ दिली होती.
एक रिक्षा आली, तीच थांबली.
एक पोरगं म्हणालं, बाबा, इकडून,
आणि बाबा इकडून गेले.

कौतिकबाईनं मला पाहिलं, अनवाणी, चोरासारखी.
कथी चालनी व माय?
मी ओठावर बोट ठेवलं.
तिनं वांगं उचलून देठ पाहण्याचं नाटक केलं.

दुकानात पाव किलो तिखट शेव, पाच रुपये कमी पडले.
राहू द्या, म्हणाला दुकानदार, उद्या द्या.
उद्या. आम्ही तर अजून घरही घेतलेलं नव्हतं.

परत येताना मी भिंतीला चिकटून उभी,
दिवसभर तापलेली फरशी तळव्याला लागत होती,
एका पायावरून दुसऱ्यावर करत होते.
हे माझ्यासमोरून गेले, नजर सरळ,
कडेचं दिसत नाही ना.
चार पावलं पुढे जाऊन, न वळता म्हणाले,
चप्पल घाल आता,
पाय भाजतील.

हिलालला दुसऱ्या दिवशी इसार दिला.
जाताना आधी दुकानात गेले,
पाच रुपये द्यायला.